टॅबमधली अनोळखी चिन्हं: अकरा पानं, अडीच महिने

रविवार, १ जून २०२५

दोस्त नोकरीसाठी कतारला गेला आणि जाताना त्याची गिटार आणि एक फाइल माझ्याकडे टाकून गेला. "वाजव, नाहीतर पडून सडेल," एवढंच म्हणाला. फाइलमध्ये अकरा पानं निघाली. चार पानांवर कम्प्युटरवर टाइप केलेली साधी टॅब, म्हणजे गिटारचं लेखन: सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे गळ्यावरचा कितवा फ्रेट (पडदा) दाबायचा तो. पाच पानं कुठल्यातरी छापील पुस्तकाच्या झेरॉक्स, ज्यात वर पाच रेघांचं स्टाफ नोटेशन आणि खाली सहा रेघांची टॅब. उरलेली दोन हाताने लिहिलेली. तो मडगावला होता तेव्हा ज्या सरांकडे शिकायचा त्यांच्या अक्षरातली.

माझी शिदोरी म्हणजे नऊ-दहा कॉर्ड. लहानपणी आत्याकडे पेटी शिकलो, त्यामुळे भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन वाचता येतं. मिरजेत एकोणीस वर्षं मेडिकल चालवतोय, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय. एवढ्या भांडवलावर वाटलं, सहा रेघा आणि आकडे, त्यात काय आहे! पंधरा दिवसांत फाइल संपवू.

चिन्हांचे तक्ते कुठेही मिळतात. तक्ता समोर असूनही मी कुठे कुठे आपटलो, ते इथे लिहून ठेवतोय. दुकान बंद केल्यावर रोज रात्री पाऊण तास, असं ठरलंय. तारा पहिली ते सहावी म्हणेन: पहिली सगळ्यात पातळ, सहावी सगळ्यात जाड.

मंगळवार, ३ जून

पहिल्याच पानावर दोन रात्री गेल्या. गिटार मांडीवर घेऊन मान खाली घातली की डोळ्यांना सगळ्यात वर जाड तार दिसते. म्हणून कागदावरची वरची रेघ म्हणजे जाड तार, असं धरून चाललो. आतून बायकोने विचारलं, "सुरात लावून झाली का अजून नाही?"

उलटं आहे. कागदावरची वरची रेघ पातळ तारेची. डावीकडे तारांची नावं असतात, वरून खाली ई, बी, जी, डी, ए, ई. दोन्ही टोकांना ई असल्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही. आता मी वरून दुसरं अक्षर बघतो. बी असेल तर वरची रेघ पातळ तारेची, ए असेल तर कागद तरी उलटा किंवा लिहिणारा तरी.

आपण अगदीच येडे नाही हेही वाचून कळलं. १६ व्या शतकात इटलीत ल्यूट या जुन्या तंतुवाद्याची टॅब माझ्यासारखीच लिहायचे, वरची रेघ जाड तारेची. फ्रेंच लोक त्याच काळात आकड्यांऐवजी अक्षरं लिहायचे आणि ए म्हणजे खुली, न दाबलेली तार. म्हणजे हा घोळ पाचशे वर्षं जुना आहे.

शनिवार, ७ जून

दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचता यावं म्हणून टाइप केलेली चार पानं मुलीकडून मोबाइलवर उतरवून घेतली. तिने बिचारीने सगळं टाइप करून मेसेजमध्ये पाठवलं. ते काही केल्या वाजेना. कॉर्डचे सूर एकदम वाजायचे ते एकामागून एक आल्यासारखे दिसत होते.

रात्री कागदाशी ताडून बघितलं. साध्या टॅबमध्ये एकाखाली एक आलेले आकडे एकदम वाजवायचे असतात. मेसेजच्या अक्षरात डॅश अरुंद आणि आकडा रुंद, त्यामुळे सहा ओळी एकमेकींवरून सरकल्या होत्या. शिवाय दोन डॅश लागोपाठ आले की मोबाइलने त्यांची एक लांब रेघ केली होती. लांब ओळी मधेच मोडून खाली उतरल्या होत्या त्या वेगळ्याच. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतात तो टाइपरायटरसारखा फॉन्ट लावला, मोबाइल आडवा धरला, आणि काम झालं. मुलीची दोन तासांची मेहनत जवळजवळ पाण्यात गेली होती. तिला आइस्क्रीम, ८० रुपये. खर्चात धरत नाही.

याच पानावर आणखी एक चूक सापडली. '१२' हे मी पहिला फ्रेट आणि मग दुसरा असं वाजवत होतो. मधे डॅश नसेल तर तो बारावा फ्रेट. मधे डॅश असेल तरच दोन सूर.

गुरुवार, १२ जून

एच आणि पी ही दोन अक्षरं बसली. '३एच५' म्हणजे तिसऱ्या फ्रेटवरचा सूर छेडायचा आणि उजव्या हाताने पुन्हा न छेडता डाव्या हाताचं दुसरं बोट पाचव्यावर आपटायचं. '५पी३' म्हणजे दोन्ही बोटं आधीच बसवून ठेवायची, पाचव्यावरचा सूर छेडायचा आणि ते बोट उचलताना तार किंचित खाली ओढून सोडायची. नुसतं बोट उचललं तर आवाज मरतो. मी तीन रात्री नुसतं उचलत होतो.

टाइप करणाऱ्यांच्या चुका पकडायलाही हे उपयोगी पडतं. एचच्या डावीकडे लहान आकडा आणि उजवीकडे मोठा, पीचं त्याच्या उलट. दुसऱ्या पानावर '५पी७' आहे. तसं होऊच शकत नाही. तिथे पेन्सिलीने एच केलं.

रविवार, १५ जून

पी समजला या आनंदात मडगावच्या सरांचं पान काढलं. तिथे जवळजवळ प्रत्येक आकड्याच्या खाली पी! मग एम, आय, एम, ए, परत पी. खुल्या तारेच्या शून्याखालीसुद्धा पी. खुल्या तारेवरून बोट उचलून आणखी कुठे जायचं? तरी दीड तास झटलो.

सायंकाळी दोस्ताला फोन लावला. तो हसायलाच लागला. सरांचा पी म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. क्लासिकल गिटारची ही स्पॅनिश अक्षरं आहेत: पी म्हणजे पुल्गार, अंगठा, आय म्हणजे इन्दिसे, तर्जनी, एम म्हणजे मेदिओ, मधलं, ए म्हणजे अनुलार, अनामिका. तार कुठल्या बोटाने छेडायची तेवढंच ती सांगतात.

याचा मला जास्तच राग आला, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या काउंटरवर रोज 'ओडी' लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. फिजिशियनच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा. नव्या पोराला दुकानात ठेवलं की पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो: आधी वर छापलेलं नाव बघ, कुणाची चिठ्ठी आहे ते, आणि मग औषध काढ.

आता अकराही पानांच्या कोपऱ्यात खूण केली. टाइप केलेल्यांवर 'ट', छापीलवर 'छ', सरांच्या पानांवर 'म'. वहीत प्रत्येक चिन्हापुढे तीन रकाने आखले. वही ६० रुपये.

दोन सूरांच्या मधे, रेघेवर असलेला पी म्हणजे ओढून सोडणं. रेघांच्या बाहेर, खाली ओळीने लिहिलेला पी म्हणजे अंगठा. निदान या फाइलमध्ये तरी.

गुरुवार, १९ जून

आणि चारच दिवसांत परत तोंडावर पडलो. छापील पानावर टॅबच्या वर 'पी.एम.' आणि पुढे तुटक रेघ. आता मी शहाणा! पी अंगठा, एम मधलं बोट. चार मात्रा अंगठा-मधलं, अंगठा-मधलं असं वाजवलं. बरंही वाटलं.

खरं म्हणजे ते पाम म्यूट. उजव्या तळहाताची करंगळीखालची कड तारांवर, अगदी ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला जिथे बांधतात त्या पट्टीच्या) टोकाशी, हलकी टेकवायची आणि मग छेडायचं. तुटक रेघ संपेपर्यंत हात तसाच. आवाज दबका, ठक-ठक असा येतो. हात ब्रिजपासून बोटभर पुढे आला की सूरच मरतो, मागे गेला की काहीच दबत नाही. जागा सापडायला वीस मिनिटं लागली. मुलगी म्हणाली, "हे पहिल्यासारखंच वाजव ना, ते छान होतं."

त्याच पुस्तकात 'लेट रिंग' असंही आहे, पुढे तशीच तुटक रेघ. अर्थ बरोबर उलटा, बोटं उचलू नका, सूर घुमू द्या.

रविवार, २२ जून

बेंड. टाइप केलेल्या पानावर असं आहे:

१|--------------------|
२|------५-------------|
३|--७-------७बी९------|

'७बी९' म्हणजे तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवर बोट ठेवून छेडायचं आणि तार आडवी ढकलत नवव्या फ्रेटचा सूर येईपर्यंत न्यायची. फ्रेट बदलायचा नाही. पुढे आर आला तर तशीच परत खाली आणायची. छापील पुस्तकात हेच बाण काढून दाखवलंय आणि बाणाच्या टोकाशी 'फुल' किंवा १/२ लिहिलंय. फुल म्हणजे दोन फ्रेट, १/२ म्हणजे एक. मला आधी वाटलं अर्धी तार ओढायची.

कळलं सगळं, पण तार हलेना. बोटाला खाच पडली आणि सूर जेमतेम पाव फ्रेट चढला. नेट लावला तर बोट सटकून चौथ्या तारेवर आदळलं.

बुधवार, २५ जून

मग वाटलं पातळ तारेवर सराव करू. गंजलेली पहिली तार दहाव्या फ्रेटला ओढताना तुटली आणि मनगटावर सणकन बसली. सुटी तार ७० रुपये. मिरजेतल्या दुकानात पहिली तार संपलेली होती म्हणून सांगलीला गेलो, त्यात अर्धी संध्याकाळ गेली.

रविवार, २९ जून

गिटार घेऊन सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. एक चाचा आमच्या दुकानातून बीपीच्या गोळ्या नेतात, त्यांच्याकडे बसलो. भोपळ्यांची उतरंड आणि लाकडाचा भुसा यांच्यामधे स्टूल टाकलं. गिटारशी त्यांचं देणंघेणं नाही, पण '७बी९' समजावून सांगितल्यावर म्हणाले, "ही मींडच की!"

त्यांनी सतार घेतली. आधी पुढच्या पडद्यावरचा सूर वाजवून दाखवला, मग मागच्या पडद्यावर येऊन तार ओढत तोच सूर गाठला. "आधी सूर कानात घ्यायचा, मग तार ओढायची. बोटाकडं बघत बसला तर कधी कमी, कधी जास्त." मग माझी तिसरी तार नखाने खरवडून बघितली. "ही तर गुंडाळलेली तार आहे. आमची बाजाची तार याच्यापुढं केसासारखी. ही कशी ओढणार तुम्ही?"

सगळी गोम इथे होती. टाइप केलेली टॅब इलेक्ट्रिक गिटारसाठी लिहिलेली. तिच्यावर तिसरी तार साधी आणि पातळ असते. दोस्ताच्या गिटारवर जाड संच, पहिली तार १२ हजारांश इंचाची, आणि तिसरी वर पितळी वेटोळं असलेली. चिन्हाचा अर्थ मला बरोबर लागला होता. तो ज्या वाद्यासाठी लिहिला होता ते वाद्य माझ्या मांडीवर नव्हतं.

उपाय केला तो असा. १० चा हलका संच घेतला, ६५० रुपये. त्यातही तिसरी तार गुंडाळलेलीच असते, म्हणून तिच्या जागी १७ ची साधी सुटी तार टाकली, ७० रुपये. ती तार वरच्या फ्रेटवर किंचित बेसूर बोलते. चालवून घेतोय.

आता रोज आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवतो. तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर जो सूर आहे तोच तिथे मिळतो. तो कानात घेऊन तिसरी तार ढकलतो. एकट्या अनामिकेने न ढकलता मागची दोन बोटंही तिच्या पाठीशी लावायची. दहा वेळांतून सहा वेळा लागतो.

रविवार, ६ जुलै

आषाढी. दुकान अर्धा दिवस. साबुदाण्याची खिचडी खाऊन हात नीट न धुता बसलो, नव्या तारांना शेंगदाण्याचा वास लागला.

आज '<१२>'. हे कोनातले कंस मी आठवडाभर दुर्लक्षून बारावा फ्रेट दाबत होतो आणि काही चुकतंय असं वाटलंच नाही. त्याला कारण आहे. हे हार्मोनिक. तार दाबायची नाही, फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि लगेच उचलायचं. बाराव्या फ्रेटवर तार निम्मी होते, त्यामुळे दाबून येतो तोच सूर टेकवूनही येतो, फक्त घंटेसारखा. म्हणून चूक लपली. पुढे '<७>' आला तेव्हा दाबून वाजवलेला सूर एक सप्तक खाली राहिला, तरी कान म्हणाला चालेल. '<५>' ला मात्र पितळ उघडं पडलं. चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट दाबला तर जी येतो, आणि हार्मोनिक घेतला तर खुल्या तारेचाच डी, दोन सप्तकं वर.

बोट दोन फ्रेटच्या मधे नको, पितळी पट्टीच्या थेट डोक्यावर हवं. एवढं कळल्यावर बारावा लगेच लागला, सातवा अर्ध्या तासात. पाचवा अजून तिनात एकदा.

छापील पानांवर हेच 'हार्म.' असं लिहिलंय आणि वरच्या स्टाफवर सूर चौकोनी शंकरपाळ्यासारखा काढलाय. तिथेच एके ठिकाणी 'पी.एच.' आहे, तो इलेक्ट्रिकवाल्यांचा प्रकार. सोडून दिला.

शनिवार, १२ जुलै

आत्या चार दिवस राहायला आलीय. वय ७४, कान शाबूत.

तिच्यासमोर छापील पानावरचा '(७)' वाजवला आणि आपोआप हात भातखंड्यांवर गेला. आपल्याकडे कंसात प असला तर 'धपमप' असा खटका घ्यायचा. मी सातव्याच्या आजूबाजूचे सूर घेऊन व्यवस्थित खटका घेतला. आत्या म्हणाली, "अरे, गोऱ्यांच्या गाण्यात हा खटका कुठून आला?"

मग दोघं मिळून सगळ्या पानांवरचे कंस शोधत बसलो. ती भिंगातून बघत होती. तीन प्रकार निघाले. टाइप केलेल्या पानांवर सुटा '(५)' म्हणजे सूर हळूच, ऐकू येईल न येईल असा. त्याच पानांवर '७बी(९)' मध्ये ९ वाजवायचाच नाही, तो नुसता पोचायचा सूर. आणि छापीलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसातला आकडा आणि मागून आलेली कमान असेल, तर मागच्या खणात (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) छेडलेला सूर तसाच चालू ठेवायचा, परत छेडायचा नाही.

तिसऱ्यावर आत्या लगेच बोलली, "म्हणजे आपला अवग्रह." बरोबर आहे. गाण्याच्या बोलातल्या अक्षरापुढे ऽ लिहिला की ते अक्षर लांबवायचं, तेच हे. कमान बघून ती आधी मींड म्हणाली होती, कारण आपल्याकडे सूरांवरची कमान म्हणजे मींड. इथे दोन वेगळे आकडे जोडणारी कमान म्हणजे एच किंवा पी, आणि एकच आकडा दोनदा जोडणारी कमान म्हणजे लांबवणं. छापील पुस्तकात एच-पी अक्षरं गाळून नुसती कमानही देतात. मग आकडा वाढतोय की कमी होतोय यावरून ओळखायचं.

या सगळ्याचा खुलासा मूळ पुस्तकात पुढे किंवा मागे एका पानावर दिलेला असतो. दोस्ताने झेरॉक्स काढताना फक्त गाण्यांची पानं काढली. तीन रुपये वाचवले.

रविवार, १३ जुलै

आज स्वतःच्याच चिन्हांनी मार खाल्ला. साध्या टॅबमध्ये सूर किती लांब धरायचा ते लिहिलेलंच नसतं. डॅशच्या अंतरावरून अंदाज बांधायचा, तोही टाइप करणाऱ्याने अंतर पाळलं असेल तर. म्हणून काल आत्याने ताल लिहायचा सल्ला दिला. चार मात्रांचा खण, चार खणांच्या सोळा मात्रा, सरळ तीनताल. मी प्रत्येक खणाच्या सुरुवातीला टॅबच्या खालच्या बाजूला ×, २, ०, ३ लिहून ठेवलं. × म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, आणि ० म्हणजे 'खाली', जिथे टाळी देत नाहीत.

आज सकाळी तेच पान उघडलं आणि वाजवताना तिसऱ्या खणाला सहावी तार खुली घुमवली, पहिल्या खणाला तार दाबून ठक्क केलं. टॅबमध्ये ० म्हणजे खुली तार आणि × म्हणजे डावी बोटं तारेवर नुसती टेकवून काढलेला मुका ठोका. माझी सम मुकी झाली आणि 'खाली' घुमायला लागली. आत्या पोट धरून हसली.

तालाच्या खुणा आता लाल पेनने, टॅबपासून बोटभर खाली. गाणं ऐकलेलं नसेल तर साध्या टॅबवरून लय काढायचा नाद सोडून दिलाय. आधी ऐकायचं, मग वाचायचं.

रविवार, २० जुलै

टी. तक्त्यात टी म्हणजे टॅपिंग, उजव्या हाताचं बोट थेट फ्रेटवर आपटून सूर काढायचा. छापील पानावर सहाव्या तारेच्या २ पुढे टी आहे. मी बाकी तीन तारा उजव्या हाताने छेडत असताना त्याच हाताने दुसऱ्या फ्रेटवर आपटायला धावत होतो. हात एक, कामं दोन, मधे दोन फुटांचं अंतर. चार रात्री.

हा टी म्हणजे डावा अंगठा. गळ्याच्या मागून वर आणून त्याने सहावी तार दाबायची, म्हणजे बाकीची बोटं मोकळी राहतात. माझा अंगठा जेमतेम पोचतो. अशक्य काहीतरी करायला सांगतंय असं वाटलं की त्या चिन्हाचा अर्थ आपण चुकीचा लावलाय, असं मी आता धरूनच चालतो. शून्याखालच्या पीच्या वेळीच हे सुचायला हवं होतं.

व्ही तर तिन्ही रकान्यांत आहे. टाइप केलेल्यात आकड्याला चिकटून आला तर व्हायब्रेटो, म्हणजे सूर हलवत ठेवणं. दुसऱ्या पानावर त्यासाठीच ~ आहे. छापीलमध्ये रेघांच्या वर व्ही आला तर पिक (तार छेडायची चकती) खालून वर मारायचा, आणि त्याचा जोडीदार म्हणजे वरून खाली मारण्याची खूण, बिनपाठीच्या बाकासारखी. सरांच्या पानावर 'सी' पुढे व्ही म्हणजे रोमन पाच: पाचव्या फ्रेटवर तर्जनी आडवी घालून सगळ्या तारा दाबायच्या. सी हा स्पॅनिश सेखा या शब्दाचा. काही लोक त्याजागी बी लिहितात म्हणे. बेंडचा बी आठवून आधीच घाम फुटला.

रविवार, २७ जुलै

वर्तुळातले आकडे आणि नागमोडी रेघा, एका बैठकीत. सरांच्या पानावर वर्तुळातला २ म्हणजे दुसरी तार, आकड्याच्या डावीकडे बारीक लिहिलेला २ म्हणजे डाव्या हाताचं मधलं बोट, आणि रेघेवरचा २ म्हणजे फ्रेट. छापीलमध्ये रेघेवरच्याच आकड्याभोवती वर्तुळ असेल तर तो सूर दोन मात्रांचा.

नागमोडी रेघ आडवी असेल तर व्हायब्रेटो. उभी असेल तर कॉर्डच्या तारा एकदम न छेडता भुर्रकन एकीमागून एक. मी उभ्या रेघेला कॉर्डसकट सगळी बोटं हलवत बसलो होतो.

तिरप्या रेघा सोप्या गेल्या. '५/७' घसरत वर, '७\५' घसरत खाली, बोट तारेवरून न उचलता. बाणांनी मात्र डोकं फिरवलं. छापीलमध्ये उभ्या नागमोडीला वर टोक असलेला बाण आहे, म्हणजे कागदावर खालून वर. पण कागदावर खाली जाड तार, आणि मांडीवर जाड तार वर. म्हणजे हात वरून खाली न्यायचा. भिंतीवर कागद चिकटवून, गिटार घेऊन आरशासमोर उभा राहिलो तेव्हा पटलं.

रविवार, ३ ऑगस्ट

चौथ्या टाइप पानावर वरच 'कॅपो २'. कॅपो म्हणजे गळ्यावर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. तो घेतला, ४०० रुपये. दुसऱ्या फ्रेटवर लावला आणि आकडे नेहमीसारखे नटपासून, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून, मोजून वाजवले. भयंकर. कॅपो लावल्यावर तोच शून्य आणि तिथून पुढे मोजायचं. कागदावरचा ३ म्हणजे गिटारवरचा पाचवा फ्रेट. गळ्यावरचे ठिपके बघून वाजवायची सवय असलेल्याला हे जड जातं. मी दोन दिवस ठिपक्यांवर चिकटपट्टी लावली.

काही जण नटपासूनच मोजून लिहितात. शंका आली तर पानभर १ शोधायचा. कॅपो दुसऱ्यावर असताना नटपासूनचा १ वाजूच शकत नाही, त्यामुळे एक जरी सापडला तरी मोजणी कॅपोपासूनची.

रविवार, १७ ऑगस्ट

हिशेब: वही ६०, सुट्या तारा दोन १४०, संच ६५०, कॅपो ४००, आणि सरांच्या पानांच्या मोठ्या आकाराच्या झेरॉक्स ३४. एकूण १२८४ रुपये. वाया गेलेल्या रात्री मोजल्या त्या बावीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त पी, टी आणि बेंडने खाल्ल्या.

अकरापैकी आठ पानं वाचता येतात. वाजवता येतात तीन.

एकच चिन्ह अडकून होतं. सरांच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक वळणदार खूण, तिच्या पोटात टिंब, आणि तीच दुसऱ्या पानावर शेवटच्या ओळीखाली. मी तिला सेन्यो धरलं, म्हणजे 'इथून परत वाजवा' ही खूण. ती साधारण अशीच असते, तिरपी रेघ मारलेल्या एससारखी. तीन रात्री मी दुसऱ्या पानाच्या शेवटून पहिल्या पानाच्या कोपऱ्यात उडी मारून तिथून वाजवायला काय आहे ते शोधत होतो. आत्याला फोटो पाठवला. ती म्हणाली, मोहरा, म्हणजे समेवर आणून सोडणारा तुकडा, असेल. चाचांना दाखवलं, त्यांनी चष्मा काढून कागद उजेडात धरला आणि परत दिला.

शेवटी काल कतारला फोटो पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं: "अरे ती सरांची सही. महिन्याची फी दिली की कोपऱ्यात मारायचे."

वहीत तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवलं. उद्यापासून नववं पान.